सहीचे पाच गुण

इलोइलो,
२ मे १९९८

मारीवेल हिस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. उन्हाळा कडक आहे, दुपारी दोन तास वीज नसते आणि मानांग पासिंग गुडघे धरून जिना चढताना माझ्या नावाने बोटं मोडते. वरच्या मजल्यावर वर्ग भरवणाऱ्या बाईला स्वयंपाकिणीचं वय कधी दिसणार, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, जून उजाडला की वीस जणांचा भात शिजवायचा आहे, तोवर गुडघे दुरुस्त करून घे.

आता मुद्द्याचं.

तुझं गुणपत्रक माझ्या टेबलावर आहे. त्या दिवशी तू ते टाकून गेलीस. सरासरी शहात्तर. वकिलीची बार परीक्षा पास व्हायला पंचाहत्तर पुरतात. पण एकाही विषयात पन्नासच्या खाली जायचं नाही, आणि शेवटच्या रविवारी दुपारच्या पेपरात तुला शून्य. वकिलाची नीती आणि मसुदालेखन. ज्या पेपराला शंभरात पाचाचं वजन, त्याने बाकीचे सात विषय बुडवले. हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण उत्तर द्यायला बसण्याआधी वस्तुस्थिती नीट मांडावी, असं मीच शिकवते.

तू गावी, पांदानला, नोटरीच्या टेबलाशी टाइपिंग करतेस, असं आर्नेलकडून कळलं. आता कायद्याचं पुस्तक उघडणार नाही, असंही त्याला म्हणालीस म्हणे. ते मी ऐकलंच नाही असं धरते. आर्नेल पास झाला, तेही काठावर. त्याच्या आईने गल्लीच्या तोंडाशी त्याच्या नावाचा एवढा मोठा फलक लावला आहे की प्रवासी जीपनीवाले तिथे थांबा समजून थांबतात.

त्या दिवशी वर्गात मी बोलले, "नीतीच्या पेपरात शून्य! वकील व्हायच्या आधीच नीती संपली का?" पोरं हसली. मी वर्गात बोलते. सव्वीस वर्षं बोलते आहे. तुझ्याआधी चारशे जणांनी ऐकून घेतलं. तू पिशवी उचललीस आणि जिना उतरलीस.

तुझ्या सरावाच्या वह्या, अकराच्या अकरा, माझ्याकडे आहेत. कपाट आवरताना हाती लागल्या. पाठवल्या असत्या, पण टपालात गहाळ व्हायच्या. इथेच राहू देत.

नियम तुला ठाऊक आहे. दोनदा झालं. तिसऱ्यांदा नापास झालीस तर आधी पुन्हा कॉलेजच्या चौथ्या वर्षाच्या वर्गात बसावं लागेल, मगच परीक्षा. ते तुझ्या आईला झेपणार नाही आणि तुलाही नाही. म्हणून जे करायचं ते याच वेळी. वर्ग १ जूनला सुरू होतो. खिडकीजवळची जागा तुझी आहे. अर्जाची मुदत जुलैच्या मध्यावर संपते.

सोबत एक प्रसंग पाठवते. हात गंजू नये म्हणून.

एका बाईचं आंब्याचं झाड शेजाऱ्याच्या अंगणावर झुकलं आहे. शेजारी काठीने फांदी हलवतो, आंबे त्याच्या अंगणात पडतात. तो म्हणतो, "माझ्या जमिनीवर पडले, माझे झाले." आंबे कोणाचे? पहिल्या ओळीत उत्तर, मग कायदा, मग तो इथे कसा लागू होतो ते. अर्धं पान. उलट टपाली.

कळावे.
अ‍ॅटर्नी बेनिल्डा मगबानुआ


इलोइलो,
२१ मे १९९८

मारीवेल हिस,

आशीर्वाद. पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, फक्त उत्तर होतं. चालेल. मीही उत्तरच मागितलं होतं.

उत्तर चांगलं आहे. "आंबे झाडाच्या मालकिणीचे," ही पहिली ओळ. आपणहून गळून पडलेलं फळ ज्याच्या अंगणात पडलं त्याचं, काठीने पाडलेलं नाही, हा फरक तू दोन वाक्यांत सांगितलास. तीन महिने पुस्तकाला हात न लावता! आर्नेलला हाच प्रश्न घातला, तर त्याने आधी झाडाचं वर्णन केलं, मग शेजारधर्मावर एक परिच्छेद लिहिला आणि शेवटी आंबे दोघांत वाटून टाकले. म्हटलं, "परवा वकिलीची शपथ घेणार आहेस. अशिलांना असंच वाटत सुटू नकोस." तर म्हणतो, "मॅडम, वाटले तर दोघंही फी देतील."

तुझ्या उत्तराखाली तू सही केली आहेस. पूर्ण नावाने, तारीख घालून. मी ती बराच वेळ बघत होते.

एक विचारायचं आहे. सप्टेंबरमधल्या त्या शेवटच्या पेपरात शेवटचा प्रश्न प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार करण्याचा होता, असं बाकीच्यांनी सांगितलं. त्याच्या खाली तू काय लिहिलंस? आठवत असेल तर कळव. नसेल आठवत तर राहू दे. तसं काही विशेष नाही.

मनिलाच्या प्रवासाची तयारी आत्तापासून करावी लागते. या वेळी परीक्षाकेंद्राच्या जवळ घर बघते आहे. मागच्या वेळी घरमालकिणीचे कोंबडे पहाटे तीनला ओरडायचे आणि तू उशीखाली डोकं घालून झोपायचीस. या वेळी घरात कोंबडे आहेत का, हे आधी विचारते.

नवा प्रसंग सोबत आहे. भाडेकरूने मालकाला न विचारता विहीर खणली, पाणी गोड लागलं, आता मालक म्हणतो निघून जा. लिही.

१ जूनला आठ वाजता वर्ग. आठ म्हणजे आठ.

अ‍ॅटर्नी बेनिल्डा मगबानुआ


इलोइलो,
९ जून १९९८

चि. मारीवेल,

अनेक आशीर्वाद.

१ जूनला तू आली नाहीस. विहिरीचं उत्तरही आलं नाही. काल तुझी आई आली.

तू तिला पाठवलं नव्हतंस, हे तिने दारातच सांगितलं. टोपलीभर आंबे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "आमच्याच अंगणातले आहेत, अ‍ॅटर्नी. काठीने पाडलेले नाहीत, आपणहून पडलेले. तुमच्या कायद्याची हरकत नाही ना?"

मानांग पासिंग एकेक आंबा दाबून बघत म्हणाली, "आपणहून पडलेले म्हणजे मार लागलेले."

"मग आजच खा," तुझी आई म्हणाली. "मी काय विकायला आणलेत?"

आर्नेलही तिथेच होता. शपथ घेऊन परतला म्हणून केक घेऊन आला होता आणि नव्या मुलांना वाटत होता. तुझ्या आईने केकला हात लावला नाही. बसलीही नाही.

"माझ्या पोरीला काय बोललात तुम्ही?"

"जे सगळ्यांना बोलते तेच."

"सगळ्यांना काय बोलता ते सगळ्यांच्या आया बघतील. माझी पोरगी जेवायला बसते आणि ताटाकडे बघत राहते. मला म्हणते, आई, मी एकही प्रश्न सोडला नव्हता. शेवटचं प्रतिज्ञापत्रसुद्धा लिहिलं. मॅडमनी शिकवलं तसं खाली सहीही केली. मग शून्य कसं आलं? मला काय कळतं त्यातलं? मी सुकी मासळी विकते. पण ती खोटं बोलत नाही एवढं मला कळतं."

आर्नेलची सुरी केकमध्येच राहिली.

मी म्हटलं, "आर्नेल, काय आहे?"

"काही नाही, मॅडम."

"अ‍ॅटर्नी झालास ना? मग साक्षीदारासारखा नीट बोल."

तो माझ्याकडे न बघता बोलला. "मॅडम, तुमच्या वर्गात आम्ही सगळे सही करायचो, कारण नाही केली तर तुम्ही पाच गुण कापायचात. खऱ्या परीक्षेत मात्र 'अ‍ॅटर्नी एक्स' लिहून सोडून द्यायचो. सगळेच. मारीवेलला मी परीक्षेला मनिलाला जाताना बोटीवर सांगितलं होतं. ती म्हणाली, मॅडम सव्वीस वर्षं शिकवतायत, तू केव्हापासून शिकवायला लागलास?"

तुझ्या आईने विचारलं, "सही केली तर काय होतं?"

उत्तर मला द्यावं लागलं. उत्तरांच्या वहीवर नाव नसतं, ते वेगळ्या पाकिटात बंद असतं. वहीत कुठेही ओळख पटेल असं काही दिसलं, नाव, खूण, अगदी वर कोपऱ्यात देवाचं नाव, तरी ती वही बाद. वही कोणाची आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये.

 तुझी आई म्हणाली, "म्हणजे तिने तुमचं ऐकलं."

काल संध्याकाळी हे पत्र लिहायला बसले तेव्हा सुरुवात अशी केली होती: "'क' ही शिक्षिका. 'ख' ही तिची विद्यार्थिनी." चार ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. विद्यार्थ्याने असं आडोशाला जाऊन लिहिलं असतं तर मी त्याला ओळीगणिक झापलं असतं. तेव्हा पहिल्या ओळीत उत्तर.

होय. चूक माझी.

आता कारण. सोबत तुझ्या पहिल्या सराव-वहीचं शेवटचं पान जोडलं आहे. जुलै १९९६. तू मसुदा बरोबर लिहिला होतास आणि खाली "अ‍ॅटर्नी" लिहून पुढे नुसती रेघ ओढली होतीस. परीक्षेत जसं हवं अगदी तसं. तुला कोणी सांगितलं होतं, की तुझं तुलाच सुचलं होतं, मला माहीत नाही. त्याच्या बाजूला माझ्या लाल पेन्सिलीने लिहिलं आहे: "सही कुठे? उणे पाच. सहीविना कागद म्हणजे रद्दी." दुसऱ्या वहीपासून अकराव्या वहीपर्यंत प्रत्येक मसुद्याखाली तुझी सही आहे. पूर्ण नावाने, तारीख घालून.

पहिल्या परीक्षेत मसुद्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा सरासरीच कमी पडली, म्हणून हे तेव्हा उघडं पडलं नाही. परीक्षेच्या सूचना वाचताना मी दरवर्षी सांगते, वहीवर नाव नको. तुलाही सांगितलं होतं. पण तोंडाने एक सांगितलं आणि लाल पेन्सिलीने दोन वर्षं दुसरंच शिकवलं. तोंडचं तुझ्या कानात राहिलं, पेन्सिलीचं हातात गेलं. आणि पेपर हातच लिहितो.

हा सहीचा हट्ट आला कुठून, तेही सांगते. सबब म्हणून नाही. वकिली सुरू केली त्या वर्षी माझ्याकडे एक विधवा आली होती. तिच्या खरेदीखताच्या चार पानांपैकी एकावर सही राहिली होती आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. समोरच्या वकिलाने नेमकं तेच पान कोर्टासमोर धरलं. तिची भातजमीन गेली. त्यानंतर मी ठरवलं, माझ्या हाताखालून गेलेला माणूस सही विसरणार नाही. ठरवलं ते तडीस नेलं. परीक्षा आणि कोर्ट या दोन वेगळ्या जागा आहेत, हे मात्र विसरले.

आता सगळ्यात वाईट भाग. हे मला काल कळलेलं नाही. एप्रिलच्या अखेरीला वह्या हाती लागल्या, हे पान दिसलं, तेव्हाच कळलं. तरी पहिल्या पत्रात लिहिलं, "कपाट आवरताना हाती लागल्या." दुसऱ्यात विचारलं, "खाली काय लिहिलंस?" आणि वर लिहिलं, "तसं काही विशेष नाही." तू सांगावंस, "सही केली," आणि मग मी म्हणावं, "अगं वेडे, मी सूचना वाचून दाखवल्या होत्या ना!" अशी माझी सोय मी बघत होते. दीड महिना. आणि तू पांदानला ताटाकडे बघत बसली होतीस.

आज सकाळी वर्गात हे पान वाचून दाखवलं. तुला जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून हेही सगळ्यांसमोर. मागच्या वर्षीची मुलं आता तिथे नाहीत. त्यांना आर्नेल सांगेल. त्याला बजावलं आहे की तिखटमीठ न लावता सांगायचं. नव्या मुलांना म्हटलं, "नीतीच्या पेपरात शून्य मारीवेलला नाही, मला मिळायला हवं होतं." कोणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरून एकीने हात वर केला, "मॅडम, मग आमचे कापलेले पाच-पाच गुण परत मिळणार का?"

"मिळतील," म्हटलं, "पण आधी मारीवेलचे."

पान नीट बघ. "उणे पाच" निळ्या शाईने खोडलं आहे आणि शेजारी लिहिलं आहे: "बरोबर. अधिक पाच."

त्याने तुझं वर्ष परत येत नाही. मला ते माहीत आहे. म्हणून माफी मागून थांबत नाही, काम सांगते. शनिवारपर्यंत ये. सोमवारपासून रोज सकाळी एक मसुदा, खाली रेघ, पुढे काहीही नाही. शंभर मसुदे. हाताला जे मी लावलं ते मीच काढणार. दुसऱ्या कोणाकडे जायचं असेल तरी जा, इलोइलोमध्ये आणखी दोघं चांगलं शिकवतात, त्यांची नावं देते. पण परीक्षेला बस. सात विषयांत ऐंशीची सरासरी असलेली मुलगी नोटरीच्या टेबलाशी दुसऱ्यांच्या सहीसाठी जागा सोडत बसते, हे मला चालणार नाही.

शनिवारी आली नाहीस तर रविवारी मीच पांदानला निघते. त्या बसमध्ये माझी कंबर मोडली तर नुकसानभरपाई कोणी द्यायची, यावर अर्धं पान तयार ठेव.

तुझी आई जाताना केकचा एक तुकडा रुमालात बांधून घेऊन गेली. तुझ्यासाठी. खाल्लास ना?

तुझी,
बेनिल्डा मगबानुआ


मनिला,
२७ सप्टेंबर १९९८, दुपार

मारीवेल,

ही चिठ्ठी डब्यात भाताच्या झाकणावर ठेवली आहे. आधी जेव, मग वाच. तू आधी वाचणार, हे मला ठाऊक आहे.

सकाळचा पेपर कसा गेला ते विचारत नाही. लिहून झालेल्या पेपराबद्दल बोलायचं नाही, हा माझा नियम अजून लागू आहे. तुझी आई काल संध्याकाळीच उतरली. आज सकाळी पाऊस पडू नये म्हणून संत क्लाराला अंडी वाहून आली. तुझ्यासाठी वाहिलीत का, विचारलं, तर म्हणाली, "तिचं तीच बघेल. मी फक्त चपला भिजू नयेत म्हणून वाहिली." आता फाटकाबाहेर मानांग पासिंगबरोबर बसली आहे. दोघी मिळून मला सांगतायत की मी उगाच येरझाऱ्या घालते. मी घालत नाहीये. रस्ता अरुंद आहे, म्हणून वळावं लागतं.

लाल पेन्सिल जूनमध्येच मानांग पासिंगला देऊन टाकली. ती अंड्यांवर तारखा घालते. विचारायला विसरशील म्हणून आधीच सांगते.

दुपारी शेवटी बहुधा मसुदाच असेल. तो तुला येतो. शंभर झाले, त्यातल्या शेवटच्या एकसष्ट मसुद्यांत एकदाही हात पुढे गेला नाही. मी मोजले आहेत. चाळिसाव्याला शाईचा ठिपका पडला होता, तो मी धरला नाही. आज शेवटी "अ‍ॅटर्नी" लिहिलंस की रेघ ओढ आणि पेन खाली ठेव. हात पुढे जायला बघेल. पुढे जायचं सांगणारा आवाज माझा असेल. त्याचं ऐकू नकोस.

मग पाकीट बंद कर, वही दे आणि बाहेर ये. निकाल यायचा तेव्हा येईल. मी इथेच, याच वळणावर असेन.

आत कागद नेता येत नाही. ही चिठ्ठी डब्यातच ठेव.

खाली सही करत नाही. अक्षर तुला ओळखता येतं, तेवढं पुरे.

______________